वाचकांचे प्रश्न : तुटपुंज्या रकमेत डिझाइनचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

प्रश्न : स. न. वि. वि. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. एका ऑफसेट प्रेसमध्ये तीन वर्षे डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे) काम केल्यानंतर, बाळ लहान असल्यामुळे, आता घरीच लग्नपत्रिका, हँडबिले, व्हिजिटिंग कार्डे आणि हळद-मसाल्याच्या पाकिटांची लेबले करून देण्याचे ठरवले आहे. घरी ८ जीबी रॅमचा जुना संगणक आहे आणि पहिल्या वर्षात सगळे मिळून १२,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च मला झेपणारा नाही. मला कोरलड्रॉ चांगले येते, फोटोशॉप थोडे येते आणि मराठी मजकूर मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत आले आहे. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ ५०० रुपयांत कोरलड्रॉ आणि फोटोशॉप ‘टाकून देतो’ असे म्हणतात. ते नको वाटते. पण विनामूल्य सॉफ्टवेअर घेतले तर प्रेसवाले फाइल स्वीकारतील का आणि मराठी अक्षर नीट छापले जाईल का, ही भीतीही आहे. आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या पत्रातली शेवटची शंका मी सर्वांत आधी घेतो, कारण माझ्या मते सॉफ्टवेअर निवडण्याची खरी कसोटी तीच आहे. कोणते सॉफ्टवेअर चांगले हा प्रश्न घरी बसून सुटत नाही. आपण केलेली फाइल पुढे कोणाच्या हातात जाणार आणि तो मनुष्य ती कशात उघडणार, यावर तो सुटतो. म्हणून काहीही डाउनलोड करण्यापूर्वी, ज्या दोन-तीन ठिकाणी आपण छपाई करून घेणार आहात तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारावे की, नेमक्या मापाची, चार रंगांतली, अक्षरे कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून आकृत्यांत बदललेली) पीडीएफ दिली तर चालेल का. प्लेट आता बहुतेक ठिकाणी थेट संगणकावरून निघते आणि तिथे पीडीएफ लागतेच. शिवाय कोरलड्रॉमध्येही पीडीएफ उघडता येते. त्यामुळे ‘कोरलचीच फाइल आणा’ असे सांगणाऱ्या प्रेसलाही बहुधा इतकेच हवे असते की अक्षरे फुटू नयेत आणि आयत्या वेळी एखादा फोन नंबर बदलता यावा. फ्लेक्सवाले अनेकदा जेपीईजी किंवा टिफ मागतात, तेव्हा तिथे तर हा प्रश्न आणखी सोपा होतो.

५०० रुपयांच्या सोयीबद्दल आपल्याला ‘ते नको वाटते’, हे वाचून मला मनापासून बरे वाटले. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असताना ती वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार गुन्हा आहे. त्यासाठी कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. व्यवसायासाठी वापर होत नसेल तर न्यायालयाला कैद न देण्याची मुभा आहे, परंतु आपण तर व्यवसायच करणार आहात. कायदा बाजूला ठेवला तरी, अशी प्रत बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या संगणकावर आपले बँकेचे व्यवहार होणार आहेत व गिऱ्हाइकांच्या घरातल्या मंडळींचे फोटो राहणार आहेत, त्याचे दार असे उघडे टाकणे योग्य नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आपल्या कामासाठी मी तीन विनामूल्य सॉफ्टवेअरची जोडणी सुचवतो : रेखाटनासाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप आणि छपाईचे अंतिम पान लावण्यासाठी स्क्राइबस. तिन्ही मुक्त परवान्याची आहेत, व्यवसायासाठी वापरायला कोणतीही आडकाठी नाही, वर्गणी नाही आणि आठ जीबीच्या संगणकावर ती चालतात. इंकस्केप २००३ पासून विकसित होत आहे, तर गिंपची सुरुवात त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी केली. तेव्हा हे चार दिवसांत बंद पडणारे काम आहे, अशी शंका बाळगू नये.

कोरलचा हात बसलेला असल्यामुळे इंकस्केपमध्ये पहिले आठ-दहा दिवस आपल्याला त्रास होईल, हे आधीच सांगून ठेवतो. पण शब्द बदलले आहेत, कल्पना त्याच आहेत. कोरलमधले वेल्ड म्हणजे इथले युनियन, ट्रिम म्हणजे डिफरन्स, पॉवरक्लिप म्हणजे क्लिप आणि ‘कर्व्ह करणे’ म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ. नवीन धडे शोधत बसण्यापेक्षा, आपण पूर्वी केलेली एखादी साधी लग्नपत्रिका समोर ठेवावी आणि ती जशीच्या तशी इंकस्केपमध्ये पुन्हा उभी करावी. तीन पत्रिका अशा झाल्या की हात आपोआप वळू लागतो.

इंकस्केपची एक मर्यादा मात्र नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण नवखे लोक याच ठिकाणी पैसे गमावतात. हे सॉफ्टवेअर पडद्यासाठी असलेल्या तीन रंगांत, म्हणजे आरजीबीमध्ये काम करते, आणि ऑफसेट छपाई चार शायांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये होते. आरजीबीमधला काळा रंग प्रेसवर रूपांतरित झाला की तो एकट्या काळ्या शाईचा न राहता निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांचे मिश्रण होतो. मोठ्या चित्रात हे खपून जाते; पण पत्रिकेतल्या बारीक अक्षरांत प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते आणि वेलांटी-उकार भरून येतात. यावर उपाय असा की, वेलबुट्टी, बोधचिन्ह, गणपतीचे रेखाचित्र हे सर्व इंकस्केपमध्ये करावे, ते एसव्हीजी या रेखाचित्राच्या फाइल-स्वरूपात स्क्राइबसमध्ये आणावे आणि मजकूर स्क्राइबसमध्येच, १०० टक्के काळ्या शाईत लावावा. स्क्राइबसमध्ये छपाईपूर्व पडताळणीची सोय आहे. तिथे प्रत्येक शाईची प्लेट स्वतंत्रपणे पाहता येते. काळी प्लेट सोडून बाकीच्या तिन्ही प्लेटांवर आपला मजकूर दिसत नसेल तर फाइल बरोबर आहे असे समजावे. पीडीएफ काढताना ती छपाईयंत्रासाठी आहे असे निवडावे, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेला रंग) ठेवावे आणि अक्षरे बाह्यरेषांत रूपांतरित करण्याचा पर्याय घ्यावा. फोटो प्रत्यक्ष छापायच्या मापात ३०० डीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके) असावा. व्हॉट्सअॅपवरून आलेला वधूवरांचा फोटो बहुधा तसा नसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आपण हळदीची लेबले करणार आहात म्हणून रंगाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. हळदीचा पिवळा छपाईत सुखाने येतो, कारण पिवळी ही मुळातच चार शायांपैकी एक आहे. पडद्यावर झळाळणारा पोपटी हिरवा आणि गडद निळा मात्र कागदावर हमखास मंदावतो. गिऱ्हाइकाला मोबाइलवर नमुना दाखवून मंजुरी घेतली आणि छापील लेबल फिके निघाले, तर दोष आपल्यावर येतो. म्हणून पहिल्या कामाची एक डिजिटल प्रिंट काढून तीच त्यांच्या हातात द्यावी.

आता मराठी अक्षरांविषयी. याबाबतीत मला अधिक काळजी वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण श्रीलिपीत टाइप करत आलात, तेव्हा त्या पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की अगम्य चिन्हे दिसतात, हे आपण अनुभवले असेलच. विनामूल्य सॉफ्टवेअरकडे जाताना त्याबरोबर युनिकोडकडेही, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीकडेही, जावे. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. त्याची सवय व्हायला महिना लागेल, पण गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पुन्हा टाइप न करता थेट पानावर घेता येईल. पत्रिकेत पन्नास-पन्नास नावे असतात. त्यातले एक नाव पुन्हा टाइप करताना चुकले की काय होते, ते प्रेसमध्ये काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

कोणतेही सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट स्वीकारण्यापूर्वी त्याची एक छोटी परीक्षा घ्यावी. पुढील शब्द त्यात टाइप करून मोठ्या आकारात नीट पाहावेत : श्री, हृदय, उद्घाटन, सर्वांना, ज्ञानेश्वर, ॲड., चि. सौ. कां., दुसऱ्या, कऱ्हाड. शेवटच्या दोन शब्दांतला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हा मराठीचा खास रफार आहे; हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो कधी तुटतो, तर कधी त्याचा साधा रेफ होऊन डोक्यावर जाऊन बसतो. कऱ्हाडच्या एका वऱ्हाडाची पत्रिका, गावाच्या नावातलाच ‘ऱ्ह’ फुटलेला, चारशे प्रती छापून झाल्यावर परत आलेली मी पाहिली आहे. मुद्रिते तपासणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर अक्षर बरोबर होते, पण प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि अक्षरे कर्व्ह करायची राहिली होती. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही पाहावीत, कारण पुष्कळ फॉन्टमध्ये ती हिंदी धाटणीची असतात आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना ती लगेच खटकतात.

इंकस्केप आणि गिंप या दोन्हींत देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित जुळतात. स्क्राइबसची मात्र १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी, जुन्या १.४ मालिकेत देवनागरी तुटते आणि एखाद्याने ती वापरून पाहिली की ‘स्क्राइबसला मराठी येत नाही’ असा कायमचा ग्रह होऊन बसतो. फॉन्टसाठी पैसे खर्च करण्याची आज तरी गरज नाही. मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये मजकुरासाठी मुक्ता आणि हिंद, ठसठशीत मथळ्यांसाठी बलू, हस्ताक्षरासारख्या ओळींसाठी कलम, आणि पत्रिकेच्या गंभीर, पारंपरिक वळणासाठी टिरो देवनागरी मराठी, एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघेल. टिरोच्या या रूपात मराठी वळणांचा मुद्दाम विचार केलेला आहे, म्हणून पत्रिकेसाठी माझी पहिली पसंती त्याला आहे.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते : आपल्या शेजारच्या मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली होती. सुटे खिळे हाताशी नसताना ज्यांनी देवनागरी अक्षर उलटे कोरून सुलटे उमटवले, त्यांच्याच परिसरात आपण अक्षरांचे काम करणार आहात, याचा मला आनंद वाटतो.

आपल्या कानावर आणखी काही नावे येतील, त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. अफिनिटी हे पूर्वी विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज आणि मॅकवर विनामूल्य झाले आहे. त्यासाठी कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या संकेतस्थळाचे विनामूल्य खाते उघडावे लागते. रेखाटन, फोटो आणि पानजुळणी एकाच जागी, तीही चार रंगांच्या छपाईसह मिळते आणि वापरायला ते इंकस्केपपेक्षा सुबक आहे. इंग्रजी मजकुराची कार्डे व लेबले असतील तर ते अवश्य वापरावे. मात्र त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत, म्हणून वर दिलेले शब्द टाइप करून पाहिल्याशिवाय मराठी कामासाठी त्यावर विसंबू नये. शिवाय ते एका कंपनीचे आहे. आजचे धोरण उद्या बदलू शकते, हे लक्षात ठेवून प्रत्येक कामाची पीडीएफ प्रत वेगळी ठेवावी. खुद्द कॅनव्हा हे व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या निमंत्रणासाठी झटपट आणि चांगले आहे, पण चार रंगांची पीडीएफ त्याच्या सशुल्क योजनेतच मिळते. शिवाय तयार साच्यांमुळे गावातल्या दोन मसालेवाल्यांची लेबले सारखी दिसू लागतात, आणि ते आपल्या नावाला बरे नाही. गिऱ्हाइकाने फोटोशॉपची फाइल दिली तर ती ब्राउझरमध्येच चालणाऱ्या फोटोपी या विनामूल्य साधनात उघडते.

कोरल कधीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. आपली गिऱ्हाइके कायम कोरलच्याच फाइली आणून देऊ लागली, तर एक दिवस ते घ्यावे लागेल आणि आपला हात त्यावर बसलेला असल्यामुळे त्याचे मोलही होईल. परंतु तो खर्च कर्ज काढून किंवा या १२,००० मधून करू नये. वर्षभराच्या कमाईतून करावा आणि दर विचारताना त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून विचारावा. तोपर्यंत एखादी जुनी कोरल फाइल आली, तर इंकस्केप ती बऱ्याच अंशी उघडते. गुंतागुंतीच्या फाइलीत छटा आणि पॉवरक्लिप विस्कटतात, तेव्हा ज्याच्याकडे परवान्याचे कोरल आहे त्याच्याकडून पीडीएफ मागून घ्यावी.

मग १२,००० रुपयांचे काय करावे? संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी. जुन्या यंत्राचा वेग वाढवायला याहून मोठा उपाय नाही. एक बाहेरची डिस्क घ्यावी आणि रोजचे काम तिच्यावर उतरवावे. त्याशिवाय प्रत्येक कामाची एक प्रत गुगल ड्राइव्हच्या विनामूल्य १५ जीबी जागेत ठेवावी. हे सांगलीकरांना वेगळे समजावून सांगावे लागू नये : २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेत आणि हरभट रोडवर शिरले, तेव्हा ज्यांच्या सगळ्या प्रती त्याच दुकानात होत्या, त्यांचे वर्षानुवर्षांचे काम गेले. उरलेल्या रकमेतले दोन-अडीच हजार केवळ नमुना छपाईसाठी राखून ठेवावेत. हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो, पण कोणत्या कागदावर आपला रंग कसा उतरतो हे त्यातूनच कळते आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. जे उरेल ते पहिल्या बिघडलेल्या कामासाठी बाजूला ठेवावे.

प्रश्न : तासगाव तालुक्यातील आमचा महिला बचत गट बेदाण्याची पाव आणि अर्धा किलोची पाकिटे काढतो. दर वेळी लेबलात थोडा बदल करायचा म्हटला तरी शहरात जावे लागते आणि पैसे द्यावे लागतात. आमच्यापैकी एकीच्या मुलीला संगणक येतो. आम्हीच लेबल करू शकू का आणि बारकोडसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते का?

उत्तर : करू शकाल. मात्र लेबलाची मूळ मांडणी एकदाच जाणकाराकडून करून घ्यावी आणि ठरवतानाच सांगावे की आम्हाला केवळ पीडीएफ नको, बदल करता येईल अशी इंकस्केपची एसव्हीजी फाइलही हवी. वजन, किंमत आणि तारीख या ओळी वेगळ्या थरावर ठेवून घेतल्या की पुढचे बदल ती मुलगी घरी दहा मिनिटांत करू शकेल. हा एक करार नीट केला तर आपला बहुतेक खर्च वाचेल, आणि तो सॉफ्टवेअरच्या किमतीतून नव्हे तर फाइल आपल्या ताब्यात आल्यामुळे वाचेल.

बारकोड आणि क्यूआर कोड काढण्याची सोय इंकस्केपमध्येच आहे, वेगळे काही विकत घेऊ नये. मात्र सॉफ्टवेअर केवळ रेघा काढून देते. दुकानात स्कॅन होऊन चालणारा क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करून पैसे भरूनच घ्यावा लागतो, तो मनाने टाकू नये. आठवडी बाजारात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकत असाल तर सध्या बारकोडची गरजही नाही. बारकोड घेतलात तर तो पांढऱ्यावर केवळ काळ्या शाईत ठेवावा. सोनेरी किंवा तपकिरी पट्टीवर तो सुंदर दिसतो, पण वाचला जात नाही.

लेबल घरी करताना सुशोभनाच्या नादात आवश्यक मजकूर गळणार नाही, याकडे लक्ष द्यावे : अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावे ते, गटाचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे म्हणून त्याचे चिन्ह लेबलावर टाकण्याचा मोह होईल, परंतु त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते; ती होईपर्यंत ‘तासगाव तालुक्यातील बेदाणे’ असे सरळ लिहावे.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. संगणक कक्षात ४ जीबी रॅमचे दहा जुने संगणक आहेत. मुलांना डिझाइनची ओळख करून द्यायची आहे. शाळेकडे यासाठी तरतूद नाही.

उत्तर : तरतूद नसली तरी अडणार नाही. संगणक विंडोजवर रखडत असतील तर एक संगणक आधी हलक्या लिनक्सवर चालवून पाहावा आणि तो नीट चालला तरच बाकीचे बदलावेत. इंकस्केप आणि चित्र रंगवण्यासाठी क्रिता एवढे पुरे आहे. ४ जीबीवर क्रितामध्ये मोठ्या आकाराचे चित्र घेऊ नये, पोस्टकार्डाएवढे घ्यावे. इंटरनेट चांगले असेल तर पात्र शाळांसाठी कॅनव्हाची शैक्षणिक योजना विनामूल्य आहे, पण तिचा अर्ज करण्यापूर्वी मुलांना दोन महिने इंकस्केपमध्ये रेषेवर काम करू द्यावे. पहिला पाठ म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे आद्याक्षर मोठे करून, त्याच्या बिंदूंना धरून त्याचे वळण बदलायला सांगावे. जी मुले पाटीवर ‘ळ’ गिरवताना कंटाळली होती, तीच इथे त्या अक्षराची गाठ कुठे सुटते आणि कुठे बसते हे तासभर शोधत राहतात.